खोपीतला वारा

पाठ धरली म्हणून गेलो, बाकी काही नाही.
चाळीस वर्षं बोटीच्या दोरांनी ओढलेली पाठ.
मासळी-कारखान्याचं जुनं कँटीन,
भिंतींना अजून कॉडचा वास,
आणि बियार्ता, माझ्या भावाची सून,
कोपनहेगनहून योग शिकून आलेली,
म्हणाली, झोपा. उताणे. डोळे मिटा.
याला शवासन म्हणतात.

बायका नऊ, पुरुष मी एकटा.
मोज्याला भोक, अंगठा बाहेर.

"बरगड्यांत श्वास भरा," ती म्हणाली,
"फटीफटीतून वारा जाऊ द्या."
आणि मला आमची खोपी दिसली:
उभ्या फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट,
समुद्रावरचा वारा आत येतो, बाहेर जातो,
टांगलेल्या मेंढ्या मिठावाचून वाळवतो
ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत.
मी आडवा होतो, आणि माझ्या आत
कोणीतरी टांगलेलं होतं.

घरी एवढंच म्हणालो, पाठ बरी आहे.

आधी सुटला देवमासा.
तो डॉक्टरांनी तसाही कमी करायला सांगितला होता,
तेव्हा त्याचं पुण्य माझ्या नावावर मांडू नका.
मग कड्यावरचे पफिन.
मग शुक्रवारची सॉसेजं, एका फेब्रुवारीत,
ठरवलं नव्हतं, नुसतीच राहून गेली.
हेर्गेर, माझा भाऊ, टेबलावर हात आपटून हसला:
"बेटावर औषधाला झाड नाही, तू काय गवत खाणार?
गवत खायला मेंढ्या आहेत
आणि मेंढ्या खायला आपण."
हिशेब बरोबर होता. मी बटाटे सोलत राहिलो.

रान्वा, माझी बायको, काही बोलली नाही.
तिनं सूपातलं हाड बाहेर काढलं
आणि तेच सूप माझ्यापुढे ठेवलं.
तिच्या लेखी झालं शाकाहारी.
मी प्यालो. दोन वर्षं प्यालो.
तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी
हाडाशिवायच भांडं शेगडीवर चढलं:
सलगम, गाजर, बोटीनं आलेली मसूर,
आणि वर मूठभर मिरी,
रागानं की मायेनं, विचारलं नाही.
ठसका लागला तेव्हा
पाण्याचा पेला आधीच शेजारी होता.

मधे घसरलोही.
नातीच्या बारशाला बशीभर खाल्लं, बोटं चाटून,
रुबार्बच्या मुरंब्याबरोबर.
दुसऱ्या दिवशी चटईवर पुढे वाकलो
तर हात पावलांना लागले, आयुष्यात पहिल्यांदा.
शरीराला हिशेब ठेवता येत नाही.

बियार्ता तर कधीच म्हणाली नव्हती, मांस सोडा.
स्वतः हेरिंग खाते, डब्यातून, उभ्या उभ्या.
"मी फक्त श्वासाचं बोलले होते," म्हणते,
जरा घाबरूनच.

ऑक्टोबरात सुरी मात्र अजून माझीच.
या गावात एवढा साफ हात दुसऱ्याचा नाही,
आणि जे मरायचंच ते
वाईट हातानं का मरावं?
कानांच्या खुणा बघतो, कोण कोणाची.
मग तळहात बरगड्यांवर ठेवतो.
वर. खाली. वर.
"बोलतोस काय तिच्याशी?" हेर्गेर घड्याळ बघतो.
बोलत नाही.
पूर्वी चाळीस व्हायच्या दिवसाला,
आता पंचवीस.

यंदा माझा वाटा भावाला देऊन टाकला.
खोपी पहिल्यांदाच रिकामी.
वारा येतो, फळ्यांना विचारतो, जातो.
रान्वा म्हणाली, जागा फुकट का घालवा,
आणि तिथे चादरी वाळत टाकल्या.

त्याच आज अंथरल्यात.
चार पिढ्यांचं मटण फळ्यांत मुरलेलं,
ते उतरलंय सुतात.
दिवा मालवला, उताणा झोपलो,
तोंडाला पाणी सुटलं.

सुटू दे, म्हटलं.
रान्वा अंधारात म्हणाली, काय?
काही नाही, म्हटलं, आणि कुशीवर वळलो.
पाठ अजून दुखते, थंडीत.